टप नसलेली गाडी

अप्पा बसगाड्यांच्या एका मोठ्या वर्कशॉपात तीस वर्षं स्टोअरकीपर होते. निवृत्त झाल्यावर म्हैसूरमधल्या विजयनगरच्या आमच्या घरात तपासायला काही उरलं नाही, म्हणून ते आईच्या स्वयंपाकघरातले डबे तपासू लागले. आईनं मला बाजूला घेऊन सांगितलं, की ह्यांना काहीतरी उद्योग आणून दे, नाहीतर मी सरगूरला बहिणीकडं जाऊन राहते. त्याच सुमाराला माझ्या ऑफिसातला एकजण जपानहून परतला होता. त्यानं मला तिथल्या उघड्या स्पोर्ट्स कारचं मॉडेल दिलं. खोक्यात सुटे भाग होते. ते चिकटवले की वीतभर लांबीची गाडी होणार. मी ते खोकं अप्पांपुढं ठेवलं.

दुसऱ्या कुणी आधी गोंद उघडला असता. अप्पांनी जेवणाच्या टेबलावर पेपर पसरून मालाची तपासणी सुरू केली. चार दिवस आम्ही जमिनीवर बसून जेवलो. पाचव्या दिवशी त्यांनी सांगितलं, की चाकं, आरसे, सीटा, सगळं यादीप्रमाणं आहे, पण टप आलेला नाही.

ही गाडी अशीच असते, असं मी म्हटलं. खोक्यावरचं चित्रही दाखवलं.

“मग वायपर कशाला दिलेत?” अप्पांनी विचारलं.

दोन वायपर होते खरे, पापणीच्या केसाएवढे. सुम्ने चिकटवून टाका की, असं आई आतून म्हणाली, पण सुम्ने, म्हणजे उगाच आपलं, काही करणं अप्पांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी कंपनीला जुन्या सरकारी पद्धतीनं इंग्रजीत पत्र लिहिलं: माल मिळाला, तूटफूट नाही, टप एक नग कमी. खाली म्हैसूरच्या पावसाची माहिती जोडली.

दोन महिन्यांनी पार्सल आलं. कंपनीनं क्षमा मागितली होती: त्रास झाल्याबद्दल, वाट पाहावी लागल्याबद्दल, आणि नेमका कोणता भाग कमी पडला हे आपल्याला न समजल्याबद्दल. म्हणून अख्खं नवं खोकंच पाठवलं होतं. अप्पांनी तेही तपासलं. त्यातही टप नव्हता.

आईला हसू आवरेना. अप्पा मात्र ते पत्र पुन्हा पुन्हा वाचत होते.

“माल कमी निघाला की सगळे माझ्याकडंच बघायचे,” ते मला म्हणाले. “माफी कुणी मागितली नव्हती गं.”

आता पुन्हा तक्रार करणं त्यांना जमेना, आणि गाडीला टपाशिवाय सोडणंही जमेना. शेवटी त्यांनी एक गाडी जोडली, जेवणाच्या डब्यात ठेवली आणि माझ्या स्कूटरवर मागं बसून शेजारच्या हिनकलला आले. तिथं ऑटोचे हुड शिवणारा एक म्हातारा होता. तो आम्हाला हसेल, म्हणून मी जरा लांबच उभी राहिले. त्यानं हात पुसले, चष्मा लावला, टेपनं दोनदा माप घेतलं आणि कन्नडमध्ये विचारलं, गाडी भाड्याची की घरची? अप्पा म्हणाले, घरची. मग मागं खिडकी हवी की नको, यावर दोघांची अर्धा तास चर्चा झाली. माझा दोनदा चहा झाला.

आठवड्यानं टप मिळाला. काळं रेग्झिन आणि कडेनं पिवळा पट्टा. कुठूनही बघितली तरी ती गाडी ऑटोच दिसत होती. अप्पांनी ती नळाखाली धरली. आत थेंब गेला नाही. त्यांनी समाधानानं फोटो काढून जपानला पाठवला.

तिकडून अभिनंदन आलं, आणि नम्र चौकशी, की पिवळ्या पट्ट्याचा अर्थ काय? अप्पा पुन्हा हिनकलला गेले. म्हातारा म्हणाला, घरची असली म्हणून काय, पिवळं नसेल तर थांबवायला लोक हात कसा करतील? हे इंग्रजीत कसं लिहावं, यात अप्पांचे दोन दिवस गेले, आणि मग त्यांनी ते जसंच्या तसं लिहिलं.