कबनूरचा लंगडा माग आणि ‘हडळ अँड सन्स’

खरं तर मी गोकर्णला निघाले होते. बॅगेत पोहायचे कपडे होते, उन्हाची टोपी होती, आणि घरी ‘आठ दिवसांत येते’ असं सांगून झालं होतं. सिन्नरहून पुण्यापर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे झालं. स्वारगेटला कोल्हापूरच्या गाडीची वाट बघत बसले होते, तेवढ्यात मैत्रिणीने एक व्हिडिओ पाठवला आणि समुद्र गेला तेल लावत.

व्हिडिओत एक पत्र्याची शेड. मधोमध कापड विणायचा जुना माग खटाक-फटाक चाललेला. त्याच्यासमोर पन्नाशीची एक बाई, केस मोकळे, कपाळभर हळद, जात्यावरच्या चालीत गातेय आणि मधेच अशी हसतेय की शेजारी बसलेल्या काकांनी माझ्या मोबाईलकडे बघून जागा बदलली. तिच्या बाजूला एक बारीक पोरगा तेलाच्या डब्याला सायकलची तार बांधून ती कमानीने घासतोय. खाली नाव: ‘हडळ अँड सन्स’. आणि सूचना: ‘परवा दुपारी चार, कबनूर. घाबरायला रिकाम्या पोटी या, नंतर चहा आहे.’

कबनूर कुठे आहे ते शोधलं. इचलकरंजीला चिकटून, कोल्हापूरपासून तासाभरावर. म्हणजे माझ्या वाटेवरच की. (नकाशावर जरा बाजूला आहे, पण मी नकाशाशी वाद घालत नाही.)

कोल्हापूरला पोचले तेव्हा दुपार झाली होती. बायकांना एसटीत अर्धं तिकीट, त्यामुळे उरलेल्या अर्ध्याची मिसळ खाल्ली. स्टँडजवळ सातशे रुपयांत खोली मिळते. गरम पाणी सकाळी आठपर्यंतच, हे आधी विचारून घ्या, मी विचारलं नाही. संध्याकाळी अंबाबाईला जायचं होतं. पण मिसळवाल्याने सांगितलं की कळंब्याच्या तळ्यावर वारं फार छान सुटतं, म्हणून त्या बसमध्ये चढले. कळंब्याला जेलही आहे, म्हणून कंडक्टरने तिकीट फाडताना विचारलं, “पावणं, जेलकडं का तळ्याकडं?”

मी म्हटलं, “तळ्याकडे. जेलचं अजून नक्की नाही.”

“मग तळ्याचंच घ्या. जेलची बुकिंग वेगळ्या खिडकीवर असतीया,” तो म्हणाला आणि पुढे गेला. सबंध बस हसली, तो सोडून. तळ्यावर वारं खरंच छान होतं. अंबाबाई राहिली ती राहिलीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी इचलकरंजीच्या गाडीने कबनूरला उतरले. उतरल्यावर पत्ता विचारावा लागेल असं वाटलं होतं, पण तिथे आधी कानच बंद होतात. गल्लीगल्लीतून माग चालू. घरांच्या भिंतींना हात लावला तर हात थरथरतो. लोक एकमेकांशी ओरडूनच बोलतात, आणि जेवायला घरी गेल्यावरही आवाज कमी करायचं विसरतात. चहाच्या टपरीवर ‘हडळ कुठे राहते’ असं विचारलं, तर टपरीवाला म्हणाला, “आत्ता कामावर हाय. साडेबाराला जेवायला सुटती.”

साडेबाराला ‘सन्स’ भेटला. इम्तियाज. वय सत्तावीस, पोटासाठी रिक्षांच्या मागे नावं रंगवतो. दोन वर्षं कोल्हापुरात चित्रकलेच्या कॉलेजात होता. तिथल्या एका सरांनी परदेशातले प्रयोग दाखवले होते, कुणी पियानो फोडतंय, कुणी तासभर लोकांसमोर नुसतं बसतंय. “आमच्यात तर आख्खं घर तसं बसतंय,” तो म्हणाला, “फक्त तिकीट लावत न्हाय.” मग त्यानेही प्रयोग केला. परीक्षेला पाण्याची बादली ठेवली आणि तिला ‘विहीर’ असं नाव दिलं.

“मग?”

“परीक्षकांनी त्यात पाय धुतलं.”

कॉलेज तिथेच सुटलं. मी दोनदा एफ. वाय. सोडलंय, त्यामुळे आमचं लगेच जमलं.

हडळ म्हणजे शांताक्का. शेडमध्ये कांड्या भरायचं काम करते. मागात जो लाकडी धोटा इकडून तिकडे धावतो, त्याच्या पोटात सुताची कांडी असते. ती संपली की दुसरी. लहानपणी आजोळी, सीमेपलीकडे कर्नाटकात, भुतांच्या गोष्टी ऐकल्या, लग्नानंतर जात्यावरच्या ओव्या शिकली, आणि वीज गेली की इम्तियाजच्या मोबाईलवर दोघं भुताचे पिक्चर बघत. त्यातूनच हे सुरू झालं. ‘अँड सन्स’ का, तर अक्काला तीन मुली आहेत आणि त्यातली एकही गाणं ऐकायला येत नाही.

तिने मला डब्यातली भाकरी अर्धी दिली आणि शेडमध्ये नेऊन सहावा माग दाखवला. “ह्यो आमचा लंगडा.”

सहा ठोके तो बाकीच्यांसारखाच मारतो. सातवा ठोका मारतच नाही. पट्टा क्षणभर घसरतो, माग दचकल्यासारखा थांबतो, आणि परत चालू. कापडाला त्यामुळे बारीक डाग येतात, म्हणून त्याच्यावर कुणी चांगला माल लावत नाही. पण अक्काची सगळी गाणी त्या गाळलेल्या ठोक्यावर बांधलेली. तिथेच ती श्वास घेते, तिथेच हडळ हसते. मला तिथल्या तिथे चार ओळी म्हणून दाखवल्या:

कांडी भरता भरता गं, बोट माझं तुटलं,
धोट्यासंगं धावलं, कापडात गुंतलं.
त्या कापडाचा सदरा गं, मालकानं शिवला,
भर लग्नाच्या पंगतीत खदाखदा हसला.

बोट काखेत गुदगुल्या करतं, म्हणून. ‘हसला’ नंतर माग थांबला, अक्का हसली, माझ्या मानेवर काटा आला आणि त्याच वेळी मीही हसले. एकाच वेळी दोन्ही होणं मला पहिल्यांदाच कळलं.

“फोनवर रेकॉर्ड करून का नाही वाजवत?” मी विचारलं.

“फोन माझी वाट बघत न्हाय,” अक्का म्हणाली.

मग खरी गोष्ट कळली. शेडच्या मालकीणबाई सहाही जुने माग भंगारात घालून नवे, बिनधोट्याचे माग आणणार होत्या. बिनधोट्याला कांडी लागत नाही. कांडी नाही म्हणजे कांडीवाली नाही, आणि लंगडा गेला म्हणजे गाणीही नाहीत. अक्काने मालकीणबाईंना एकच मागणं केलं होतं, एवढा एक ठेवा. त्या म्हणाल्या होत्या, उद्या सुट्टी आहे, शेड वापरा, मी येऊन बघते आणि मग सांगते. भंगारवाल्याचा टेम्पो परवा सकाळी येणार होता.

म्हणजे मी जे गंमत म्हणून बघायला आले होते, ते अक्कासाठी गंमत नव्हतं. रात्री इम्तियाजच्या आईने खिमा-पाव खाऊ घातला, आणि त्याच्या चुलतबहिणीच्या खोलीत झोपायची सोय झाली. गोकर्णचं कुणी विचारलं नाही, मीही काढलं नाही.

तिसऱ्या दिवशी अकराला आम्ही शेडवर गेलो तर बापू जॉबर दारातच उभा, हात कोपरापर्यंत काळे, चेहरा लग्नघरच्या मामासारखा. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा. बापू या शेडमध्ये तीस वर्षं आहे आणि अक्काला बहीण मानतो.

“अक्का, डोळं मीट,” तो म्हणाला. “मीट की.”

तिने मिटले. त्याने माग चालू केला. सहा ठोके. सातवा. आठवा. नववा. लोण्यासारखा चालत होता.

अक्काने डोळे उघडले. “काय केलंस रं बापू?”

“काल पाळी सुटल्यावर बसलो. नवा पट्टा घातला, सगळं बसवून घेतलं. बाईंनी बघितलं की चालू माग हाय, तर भंगारात कशाला घालतील? सांग की.”

त्याच्या म्हणण्यात चूक काढायला जागाच नव्हती, हीच पंचाईत होती. इम्तियाज खाली बसला आणि कपाळ वाजवायच्या डब्यावर टेकवलं.

“आवडलं न्हाय व्हय?” बापूने मला विचारलं. मी पाहुणी, मी काय सांगणार. अक्कानेच सांगितलं, हळू आवाजात, म्हणजे कबनूरच्या मानाने हळू. बापू ऐकत गेला तसतसा त्याचा चेहरा उतरत गेला.

“मग मला आधी सांगायचं न्हाय? मी तीस वर्षं ह्या मागाला शिव्या देतोय, आन् तुम्ही त्याच्यावर गाणी म्हणताय.”

“तू कवा ऐकलीस आमची गाणी?”

“मला भ्या वाटतं,” बापू म्हणाला.

दुपारी एकपर्यंत त्याने जुना पट्टा परत बसवून बघितला. माग दोन ठोक्यांवर घसरला, मग पाचव्यावर, मग धोटाच बाहेर उडाला आणि माझ्यापासून हातभर लांब भिंतीवर आदळला. “ह्यो लंगडा न्हाय ऱ्हायला,” अक्का म्हणाली, “ह्यो दारुडा झालाय.” बापू घाम पुसत म्हणाला, “नीट करायचं शिकलोय गं अक्का. बिघडवायचं कुणी शिकवलंच न्हाय.” शेवटी नवा पट्टाच परत घातला.

चारला खिडक्यांना चादरी लावून अंधार केला. चाळीसेक माणसं कापडाच्या ताग्यांवर बसली. मालकीणबाई दाराशी खुर्चीवर, मांडीवर पर्स, पायात चपला तशाच. बापू सगळ्यांत मागे, कानात कापूस.

पहिलं गाणं पडलं. अक्का सवयीने सातव्या ठोक्याला थांबली, पण माग थांबला नाही, आणि तिचं हसू त्या आवाजात बुडून गेलं. दुसऱ्या कडव्यात ती मागाच्या मागे धावल्यासारखी गात होती. माझ्या बाजूच्या बाईने मोबाईल काढून उद्याचं दूध किती सांगायचं ते लिहायला घेतलं. मालकीणबाईंनी घड्याळ बघितलं. मला तिथून उठून जावंसं वाटलं, इतकं ते बघवत नव्हतं.

मग बोटाचं गाणं आलं. ‘हसला’ आलं आणि इम्तियाजने डबा खाली ठेवून मागाचा दांडा ओढला. माग बंद.

मुळात ते अंतर एका ठोक्याचं होतं. पण माग बंद करून चालू करायला त्यापेक्षा वेळ लागतो, त्यामुळे शांतता लांबली. अक्का तोंड उघडं ठेवून उभी. हसली नाही. सबंध गावात मागाची सुट्टी, त्यामुळे बाहेरही आवाज नाही. दुधाच्या बाईचं बोट मोबाईलवर अडकून राहिलं. इम्तियाजने दांडा ढकलला, माग सुरू झाला आणि अक्का पुढचं कडवं असं काही म्हणाली की जणू मधे काही झालंच नाही.

दुसऱ्या वेळी त्याने त्याहून जास्त थांबवलं. तिसऱ्यांदा त्याहून. आता लोक मागाच्या आवाजाला नाही, तो कधी बंद होतो त्याला घाबरत होते. शेवटच्या कडव्याला त्याने दांडा ओढला आणि हातच काढून घेतला. अक्का मालकीणबाईंच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली, तोंड उघडं, एक बोट मुडपलेलं. किती वेळ गेला सांगता येत नाही. मागून बापूचा आवाज आला, “संपलं काय?” कानात कापूस, त्यामुळे मोठ्याने.

आणि मालकीणबाई हसायला लागल्या. काख दाबून, पर्स खाली पडेपर्यंत. त्या हसल्या म्हणून सगळी शेड हसली, आणि त्या हसण्यावर अक्काने स्वतःचं ते हसू सोडलं, तेव्हा दोन बायका उठून दाराकडे पळाल्या. त्यातली एक मी.

चहा आला. मालकीणबाईंनी डोळे पुसले, उठून मागाजवळ गेल्या आणि बापूला म्हणाल्या, “ह्यो एवढा गुमान कवापासून चालाय लागला?”

“कालपासनं,” बापू म्हणाला. तो अक्काकडे बघत नव्हता.

“मग ह्यो ऱ्हाऊ दे. बाकीचं पाच उद्या जातील. ह्याच्यावर चांगला माल लाव, दोन पाळ्या. आन् अक्का, ह्याला कांड्या तूच भर.” मग जाता जाता म्हणाल्या, “गाणं वंगाळ हाय. पर पुन्हा कराल तवा सांगा.”

माग वाचला, अक्काचं काम थोडं का होईना वाचलं, आणि गाण्याचा लंगडा मात्र गेला. बापूचं गणित बरोबर निघालं होतं, त्यामुळे त्याच्यावर चिडायचीही सोय नव्हती. अक्काने त्याला स्वतःच्या बशीतला चहा दिला. “पी. आन् कापूस काढ आधी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पाच माग टेम्पोत चढताना बघून मी हातकणंगल्याला रेल्वे धरली, पुण्याला, पुढे एसटीने घरी. सगळा प्रवास अडीच हजारांच्या आत झाला, खिमा आणि भाकरी सोडून, कारण त्याचे कुणी घेतले नाहीत. जाणार असाल तर इचलकरंजीची गाडी सकाळी लवकर पकडा, कानात घालायला काही नेऊ नका, आणि सुट्टी कधी ते विचारून जा. त्या दिवशी कबनूर किती शांत असतं, ते आदल्या दिवशी तिथे असल्याशिवाय कळत नाही.

घरी भावाला सांगायला बसले. गाणं म्हणून दाखवलं, तोंड उघडं ठेवून उभी राहिले. तो म्हणाला, “दात दुखतोय का?” पोहायचे कपडे घडीसकट कपाटात गेले. त्यांचं मला वाईट वाटत नाही. मला आठवतं ते बापूचं, डोळे मिटायला सांगतानाचं तोंड. इतक्या प्रेमाने कुणी माझं काही बिघडवलेलं नाही.

काल इम्तियाजने अक्काचा आवाज पाठवला. मागे माग चालू, एकसारखा, कुठेही न अडखळता, म्हणून ती ओरडून बोलतेय: “जेवायच्या सुट्टीत रोज बसतोय बग आमी. आता ह्यो हसाय जागा देत न्हाय मेला, तर म्या बी जागा बघत न्हाय. मनाला यील तिथं हसतीय. कवा हसणार ते इम्त्याला ठावं न्हाय, मागाला न्हाय, मला बी न्हाय. काल तर निम्म्या भाकरीत हसले. माझी मीच भ्याले.”