सतरंजीवरचा वजनकाटा

माणिकबाई परक्या काट्यावर सहजासहजी विश्वास ठेवत नसत. अकोल्याजवळच्या आपल्या वाडीतली वांगी, मेथी आणि सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या घेऊन त्या एकोणीस वर्षे जठारपेठेत बसत आल्या होत्या, आणि ठोक व्यापाऱ्याकडे माल चढवण्याआधी रिकामा काटा कुठे थांबतो हे पाहण्याची त्यांची सवय बाजारात सर्वांना ठाऊक होती. त्यामुळे नववीतली त्यांची मुलगी रागिणी शाळेतून एक संमतीपत्रक घेऊन आली, तेव्हा त्यांनी ते दोनदा वाचले आणि तरीही सही केली नाही.

अमरावतीच्या एका महाविद्यालयातील संशोधक मुलामुलींचे वजन आणि उंची मोजणार होते. वजनामुळे या वयातल्या मुलांच्या रोजच्या जगण्यात काय फरक पडतो, हे एका प्रश्नावलीतून तपासले जाणार होते. भाग घेणे ऐच्छिक होते, पण पालकांची सही आवश्यक होती.

रागिणी वर्गात सर्वांत जाड होती. घरात ही गोष्ट कोणी दडवली नव्हती आणि कोणी मोजलीही नव्हती. आकडा एकदा कागदावर चढला की तो कुणाच्या हाती पडेल आणि उद्या सोयरिकीच्या बोलण्यात कुठून निघेल, याचा नेम नाही, असे माणिकबाईंना वाटे. दोन वर्षांपूर्वी वस्तीत एक मोफत शिबिर भरले होते. तिथे बायकांची वजने घेतली आणि लगेच प्रत्येकीच्या हाती वजन घटवण्याच्या भुकटीचा महागडा डबा विकत घ्यायला ठेवला होता.

“फुकटात कोणी कोणाले मोजत नाही,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. शेषरावांनी पोरीलाच विचार, असे सुचवले. रागिणीने ताटातून मान वर न करता सांगितले, “मले भाग घ्याचा हाये.”

या उत्तराने संशय अधिकच वाढला. चार महिन्यांपासून ही मुलगी दुकानावर यायला नकार देत होती. स्नेहसंमेलनातूनही तिने अंग काढून घेतले होते. यामागे कुणीतरी मुलगा असणार, या शंकेने माणिकबाईंनी तिचा मोबाइल चाळला होता, दप्तर तपासले होते, एकदा शिकवणीपर्यंत तिच्या मागेही गेल्या होत्या. काहीच सापडले नव्हते, आणि काही न सापडणे हेच त्यांना सर्वांत संशयास्पद वाटत होते.

शनिवारी त्या सही न केलेले पत्रक आणि पिशवीत पाच-पाच किलोची दोन शिक्क्याची वजने घेऊन शाळेत पोचल्या. संशोधन करणारी प्राजक्ता मोर्शीची, पंचविशीतली मुलगी होती. चपला काढल्यावर मुलींच्या पायांना फरशी गार लागू नये म्हणून तिने सतरंजी अंथरली होती आणि काटा तिच्यावरच ठेवला होता. माणिकबाईंनी कुणाला न विचारता दोन्ही वजने काट्यावर ठेवली. आकडा अकरा किलोच्या पुढे गेला. मग त्यांनी सतरंजी गुंडाळून बाजूला केली आणि काटा उघड्या फरशीवर ठेवला. आता बरोबर दहा आले.

“गादीवर बसवून कोणी तोलते का वं?” त्यांनी विचारले.

प्राजक्ताचा चेहरा उतरला. सकाळपासून छत्तीस मुलींची वजने झाली होती. तिने वाद घातला नाही. वहीचे पूर्ण पान रद्द केले आणि सगळ्यांना पुन्हा बोलावण्याचा निरोप धाडला. माणिकबाईंना हे आवडले, पण चूक इतक्या लवकर कबूल करणारे माणूस साधे असते की पक्के, हे त्यांना ठरवता येईना. म्हणून त्यांनी अट घातली: सही करीन, पण पोरीने भरलेला कागद आधी मला दिसला पाहिजे.

“काकू, सही तुमची लागते, पण उत्तरं तिची आहेत. तो कागद तिच्या वर्गशिक्षिकांनाही दाखवता येत नाही. त्यावर नावसुद्धा नसतं, नुसता क्रमांक.”

“मायले दाखवत नाही, अन् अमरावतीले घेऊन जाशीन?”

प्राजक्ताने एक कोरी प्रश्नावली त्यांच्या हाती दिली. माणिकबाई सातवीपर्यंत शिकलेल्या होत्या. बाकावर बसून त्या एकेक प्रश्न वाचू लागल्या आणि मुलीच्या वतीने मनातल्या मनात उत्तरेही देऊ लागल्या. मनासारखे कपडे मिळत नाहीत म्हणून वाईट वाटते का? कधीच नाही. खेळताना मागे राहावे लागते का? क्वचित. अकराव्या प्रश्नावर त्या थांबल्या. घरातील माणसे इतरांसमोर तुमच्या शरीरावरून गमतीने बोलतात का?

दुकानावर गिऱ्हाईक घासाघीस करू लागले की शेजारी जुड्या बांधणाऱ्या रागिणीकडे हात करून त्या म्हणत, “घरचीच भाजी खातो आमी. पाहा, पोरगी कशी भरली ते.” गिऱ्हाईक हसे आणि भाजी खपे. सुरुवातीला रागिणीही हसत असे. ती कधी हसेनाशी झाली, हे आठवण्याचा त्यांनी खूप प्रयत्न केला. आठवले एवढेच की दिवाळीनंतर त्या जुड्या त्यांना एकट्यांनाच बांधाव्या लागल्या होत्या.

सही केली नाही तर पोरीचा कागद कोराच राहणार होता. हे त्यांच्या लक्षात आले, आणि आपण त्याचा विचार करतो आहोत, हेही लक्षात आले. प्राजक्ता दुसऱ्या मुलीची उंची घेत होती. माणिकबाईंनी पत्रक गुडघ्यावर ठेवले, पूर्ण नावाने सही केली आणि ते टेबलावर उपडे ठेवून त्या ओसरीत जाऊन उभ्या राहिल्या.

वर्गातून बोलावून आणलेल्या रागिणीला आत बराच वेळ लागला. ती बाहेर आल्यावर दोघी फाटकापर्यंत चालत आल्या.

“माह्याबद्दल लिहलं का काही?” माणिकबाईंनी विचारले.

“नाव लिहाची जागाच नव्हती त्याच्यात.”

माणिकबाईंनी मान हलवली. रस्ता ओलांडल्यावर त्या म्हणाल्या, “उद्या दुकानावर येशीन का? मी गिऱ्हाइकाले काही बोलत नाही.”

रागिणीने थांबून आईकडे नीट निरखून पाहिले.

“पाहीन,” ती म्हणाली.