भरतीची हाक देणारी जनी

तिवरबेटावरच्या जनी घरतबद्दल आजवर फक्त चार ओळी लिहिल्या गेल्या. त्या मी लिहिल्या, चांगल्या वळणदार अक्षरात, आणि त्या खोट्या होत्या. म्हणून आता हे लिहिते आहे. फार उशीर झालाय, ते मला सांगू नका.

बेट म्हणजे फार काही नव्हे. पनवेलच्या खाडीत तिवरांच्या गर्दीतून वर आलेला मातीचा उंचवटा. साठ-सत्तर घरं, एक गोडी विहीर, दोन मिठागरं, खारजाईचं देऊळ आणि चार इयत्तांची शाळा. १९५६ साली मी पनवेलहून तिथे शिक्षिका म्हणून गेले. बी. ए. झालेली मुलगी चिखलात कशाला चालली, असं वडिलांनी विचारलं. मला समाजसेवेचं खूळ होतं, दुसरं काय! बेटावरची माणसं महासुस्त. काहीही काम सांगा, "करू की, पानी उतरू दे जरा." पाणी उतरलं की, "आता चढू दे." माझा संताप व्हायचा. मी घड्याळाकडे बघत होते आणि ते खाडीकडे, हे कळायला मला दोन वर्षं लागली.

उन्हाळा लागला की मात्र याच लोकांच्या अंगात वारं शिरायचं. होळी झाली की लग्नं, हळदी, खालूबाजा, ताडी, पोरांच्या पोहण्याच्या पैजा. आणि चैत्री पौर्णिमेला खारजाईची जत्रा. त्या दिवशी देवी माहेरी जायची. माहेर म्हणजे पनवेलचं बंदर. देवीचा पितळी मुखवटा पालखीत, पालखी होडीत, होडीला आंब्याचे टाळे नि फुलांच्या माळा, मागे पंधरा-वीस होड्या. दिवेलागणीच्या आत देवी बंदरावरच्या ओट्यावर बसलीच पाहिजे. माहेरवाशीण अंधारात उंबऱ्याशी आली तर वर्ष वाईट जातं, असा समज. एरवी कशाचीच घाई नसलेलं बेट या एका गोष्टीला फार जपायचं.

होडी कधी सुटायची ते जनी सांगायची. घरतांच्या घराचा तो मान. आधी सासरा, मग नवरा. नवरा खाडीत बुडाला, मुलगा नव्हता, तेव्हापासून जनी. धक्क्याच्या वरून तिसऱ्या पायरीवर उभी राहायची आणि पाणी गुडघ्याला लागलं की हाक घालायची, "चल गो बाय माहेरा, पानी आयलं!" त्याशिवाय एकही वल्हं पाण्यात पडायचं नाही. विधवेनं हाक कशी घालायची, असं सुरुवातीला कुणी म्हणालं होतं म्हणे. तेव्हा देवीचा भगत काशीराम खाडीकडे, त्यांच्या भाषेत खारीकडे, हात करून बोलला, "खारी काय कुकू बगून भरते काय?" विषय तिथेच मिटला.

काळी, किडकिडीत बाई. खडकावरची कालवं फोडून पनवेलच्या बाजारात विकायची. पायांवर शिंपांचे कापे. जिभेला धार. मी पहिल्याच दिवशी धक्क्यावर घसरून आपटले तर म्हणाली, "बाई, पयले उबं राहायला शिका, मंग पोरांना शिकवा." पण तिनंच मला भरतीचं गणित शिकवलं. तिथीची पाऊणपट करायची, तितके वाजता भरती. पौर्णिमा म्हणजे पंधरा, तिची पाऊणपट सव्वाअकरा. त्यापुढेही थोडं चढतं, म्हणजे मध्यान्हीला खाडी तुडुंब. मी घड्याळ लावून पाहिलं होतं. चूक निघाली नव्हती. म्हणजे मला माहीत होतं, हे ध्यानात ठेवा.

जनीला एकच मुलगी, गोदू. बेटावरच दिलेली. "मी मेली का हाक गोदूची," हे ती येता-जाता प्रत्येकाला ऐकवायची. घरतांचं नाव तिच्यापाशी संपत होतं. हाक तेवढी घरात राहावी, यापलीकडे त्या बाईनं कुणाकडे काही मागितलं नाही.

अठ्ठावन्न साली जगनशेठनं जत्रा सुधारायची ठरवली. हा जगन बेटावरच जन्मलेला, दहाव्या वर्षी पनवेलला गेला आणि तिथे भाताची गिरणी काढून शेठ झाला. आता मोटार होती, खिशाला पेन होतं. त्यानं मंडळ काढलं, आपण अध्यक्ष झाला, आणि अक्षर चांगलं म्हणून मला चिटणीस केलं. शाळेत सभा भरली.

"मामलेदारसाहेब येनार हायेत," शेठ म्हणाला. आमच्याशी बोलताना त्याची भाषा अर्धी शहरी, अर्धी बेटाची व्हायची. "साहेब काय बारा वाजता उन्हात येतील? होडी चार वाजता सोडायची. बँड सांगितलाय. आणि ती म्हातारी पाण्यात उभी राहून बोंबलते ना, ते बंद. चारचौघांत बरं दिसत नाय."

मी म्हटलं, "शेठ, चारला ओहोटी असेल."

"घ्या! बी. ए. झालात नि तिथ्या मोजत बसलात?"

सगळे हसले. मीही हसले. मग मान खाली घालून वहीत लिहिलं: वेळ दुपारी चार.

त्या खोलीत वीस पुरुष होते. वल्ह्यावर जन्म गेलेले. एकानं तोंड उघडलं नाही. बाहेर आल्यावर देवीच्या होडीचा तांडेल शिवा, त्याला मी विचारलं, "तुम्हाला कळत नव्हतं?"

"कलतं की. पन शेठ बोलला ना." मग डोकं खाजवून म्हणाला, "आनि देवीची होरी हाय, बाई. पानी थांबल थोरा वेल."

पत्रकं छापून आली तेव्हा जनी एक घेऊन शाळेत आली. "काय लिवलंय?" मी सांगितलं.

"चार? चार वाजता बंदराम्होरं बगले चालतात!"

"आता छापून झालंय, जनीबाई."

"मंग खारीला पन एक कागद द्या," असं म्हणून ती पत्रक बाकावर टाकून गेली.

पौर्णिमेला भर दुपारी खाडी धक्क्याच्या वरच्या पायरीला लागली होती. सगळं बेट नवी लुगडी नेसून उभं. होडी सजलेली. कुणी हलेना, कारण पत्रकात चार होते. जनी बाजूला उभी राहून पाणी चढताना बघत राहिली. ते उतरायला लागलं तशी तिनं टोपली उचलली आणि निघून गेली. साहेब साडेचारला आले.

पुढचं सांगायला काय हवं! बंदर समोर दिसत होतं, ओट्यावरच्या बायका दिसत होत्या, आणि होडी गाळात बसली. मागची बँडची होडीही बसली. बँडवाले बिचारे काही वेळ वाजवत राहिले, मग तेही थांबले. गडी उतरले तर मांडीपर्यंत रुतले. पालखी खांद्यावर घेऊन पाऊल टाकणं शक्य नव्हतं. साहेब रुमालानं घाम पुसत होते, शेठ शिवाला शिव्या देत होता. सूर्य तिवरांवर टेकायला आला तसा काशीराम मुखवट्यापुढे बसून रडायला लागला. सत्तरीचा माणूस, लहान पोरासारखा.

उजव्या हाताला उघड्या पडलेल्या खडकांवर, बेटाच्या भाषेत खरपावर, जनी कालवं फोडत होती. ओहोटी म्हणजे तिच्या कामाची वेळ, ती दुसरीकडे कुठे असणार? तिनं कंबर सरळ केली.

"काय शेठ, खारीनं कागद नाय वाचला?"

काशीराम ओरडला, "जने, हितून पायाला जागा हाय काय गो?"

"हाय. खरपावरनं. पन एका मानसापुरती, नि वाट म्हायती असल त्याला."

ती वाट फक्त तिला माहीत होती. ती होडीपाशी आली. टोपलीतली दुपारपासूनची कालवं तिनं चिखलात ओतली, टोपली खाडीच्या पाण्यानं खळखळून धुतली. काशीरामनं खांद्यावरचं उपरणं आत अंथरलं, आपल्या हातानं मुखवटा ठेवला आणि म्हणाला, "पोरीला पोचव गो." मी त्याच होडीत, दोन हातांवर होते. माझ्या कानांनी ऐकलं.

जनी टोपली डोक्यावर घेऊन चालायला लागली. एकदा कमरेपर्यंत गेली, पुन्हा वर आली. मग बंदरावर ढोल वाजला. ऊन अजून ओट्यावर होतं.

तिसऱ्या दिवशी सभा. मला वाटलं, जनीला लुगडं-नारळ देतील. बघा माझी अक्कल.

"साहेबापुढे माझं नाक कापलं गेलं," शेठ म्हणाला. "आणि देवी कुठून नेली? कालवांच्या टोपलीतून! पनवेलात लोक हसतायत." ज्या देवीला वर्षानुवर्षं कोंबडं आणि सुकी मासळी दाखवत आले, तिला एकाएकी वास यायला लागला. "होडीची वेळ सांगायचा मान कुणाचा? घरतांचा ना? मग वेळ चुकली ती कुणाची?"

असा तो हिशेब. त्यानं काशीरामकडे वळून विचारलं, "भगत, मुखवटा तुमी दिलात तिला?"

देवळावर त्या वर्षी शेठ नवी कौलं घालणार होता. काशीराम आपल्या तळहातांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तिनंच घेतला."

शेठ म्हणाला, "लिवा, बाई."

मी लिहिलं. "होडीची चुकीची वेळ जनी घरत हिने सांगितल्यामुळे देवीची होडी अडकली. सदर बाईने मुखवटा जबरीने अस्वच्छ टोपलीत घालून नेला. सबब घरत घराण्याचा हाकेचा मान यापुढे बंद करण्यात येत आहे. ठराव सर्वानुमते मंजूर." शाळेला शेठ दुसरी खोली बांधून देणार होता, हे कारण मी पुष्कळ वर्षं स्वतःला देत आले. खरं म्हणजे सगळे गप्प होते आणि एकटीनं बोलायची मला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जनी शाळेच्या ओसरीवर हजर. चेहरा उजळलेला.

"बाई, माजं नाव लिवलंय म्हनं वहीन. वाचा बगू."

तिला कुणीच काही सांगितलं नव्हतं. नाव लिहिलंय, एवढंच कानावर गेलं होतं. मी वही उघडली, ओळीवर बोट ठेवलं आणि वाचलं, "जनी घरत हिने देवी दिवसाउजेडी माहेरी पोचवली. मंडळ तिचे आभारी आहे."

"अजून एकदा."

मी पुन्हा वाचलं. अगदी तेच शब्द, कुठे अडखळले नाही.

"नि गोदूचं?"

"हाकेचा मान पुढे तिच्या मुलीकडे राहील." तेही वाचलं. एकदा सुरू केल्यावर काय!

तिनं हात लुगड्याला पुसला आणि पानावर ठेवला. संध्याकाळी दारात वाटीभर सोललेली कालवं आणून ठेवलेली होती. मी ती शिजवून खाल्ली.

वर्षभरात माझी बदली होईल, शेठ मंडळ विसरेल, असं काहीबाही मनाशी धरून बसले होते. त्यातलं काही झालं नाही. आणि जनीच्या तोंडावर ठरावाचं बोलायला बेटावर कुणी धजलं नाही. पुढच्या वर्षी शेठनं मुंबईहून भरतीचं छापील कोष्टक आणलं आणि पत्रकात बारा वाजता असं घातलं. शेठनं केवढं शोधून काढलं, असं लोक एकमेकांना सांगत होते.

त्या पौर्णिमेला जनी गोदूला घेऊन धक्क्यावर आली. गोदू हिरवं लुगडं नेसली होती, केसांत अबोली. ती पायऱ्या उतरून पाण्यात उभी राहिली आणि जनी वर, दोन्ही हात कमरेवर.

"ही कोण? वर घ्या तिला," शेठ म्हणाला.

"वहीन लिवलंय, शेठ!" जनी सगळ्या बेटाला ऐकू जाईल अशी बोलली. "तुमच्याच वहीन. इचारा बाईंना."

शेठनं माझ्याकडे पाहिलं. "आणा वही."

मी आणली. नाही म्हणायचं, पाण्यात टाकायची, काहीही करता आलं असतं. आणून हातात दिली. शेठनं ठराव मोठ्यानं वाचला. वाचायचा मात्र स्वच्छ. "अस्वच्छ टोपलीत" यावर मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. काशीराम पालखीची झालर सारखी करत होता. गोदूला पाणी गुडघ्यापर्यंत आलं होतं. ती खाली मान घालून एकेक पायरी वर आली आणि आईच्या मागे जाऊन उभी राहिली.

जनी माझ्याजवळ आली. आवाज चढवला नाही.

"बाई, लिवलं ते खरं, का वाचलं ते?"

मी शेठच्या हातातली वही परत घ्यायला वळले. ती थोडा वेळ थांबली, खरोखर उत्तराची वाट बघत असावी तशी. मग बँड वाजला आणि होडी सुटली.

त्यानंतर जनी सात वर्षं जगली. माझ्या दारावरून कालवं घेऊन जायची. मागितली तर द्यायची, मापाला माप, वर एक नाही. बाई म्हणून हाक मारणं मात्र तिनं सोडलं. गोदूची मुलगी सहा वर्षांची झाली तेव्हा मी आपण होऊन तिचं नाव घालायला गेले. जनी दारात बसली होती.

"शिकवनार हाय तिला," वर न बघता म्हणाली. "लिवलेलं घरात कुनाला तरी वाचता याला पायजे. पन तुमच्याकडं नाय."

आणि ती त्या पोरीला पनवेलच्या शाळेत घालून आली. भरती असली की होडीतून, ओहोटी असली की त्या खडकांवरून, पोरीला कडेवर घेऊन. माझ्या वर्गाच्या खिडकीतून ते दिसायचं.

जनी गेली सहासष्ट साली. मी तेव्हा पनवेलला परत आले होते, कळलं तेव्हा तिचा दहावा होऊन गेला होता. बेट सोडताना शाळेचं कपाट मीच आवरून किल्ली दिली. वही हातात आली होती. ते पान मी फाडलं नाही, खाली खरं काय ते लिहून सहीही केली नाही. इतर वह्यांबरोबर खालच्या फळीवर ठेवली आणि कपाट लावलं.