इतरांच्या रकान्यातली दोन घरं

आमच्या लांडक्राइसचं, म्हणजे आपल्या जिल्ह्याहून लहान नि तालुक्याहून मोठ्या अशा त्या मुलखाचं, एक माहितीपत्रक दरवर्षी पत्रपेटीत येऊन पडायचं. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर द्राक्षमळे, आणि आत एक तक्ता: इथे कुठल्या कुठल्या देशांचे लोक राहतात. तुर्कांना स्वतःची ओळ होती, ते ओतकामाच्या कारखान्यात होते. इटालियन आणि ग्रीकांना होती. हंगामात शेतावर राबायला येऊन इथेच राहिलेल्या पोलिश लोकांनाही होती. भारताला नव्हती. आम्ही सगळ्यांत खाली, 'झोन्स्टिगं' म्हणजे 'इतर' या ओळीत. पहिल्या वर्षी तो तक्ता बघून माझा नवरा खो खो हसला. "आयुष्यभर ओपनमध्ये काढलं, आणि इथे येऊन इतरांत पडलो," म्हणाला. मीही हसले. कुणाच्या जिवावर हसतोय हे आम्हां दोघांनाही पक्कं माहीत होतं.

दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. नवरा नेकारसुल्मला मोटारींच्या कारखान्यासाठी सॉफ्टवेअरचं काम करायचा. तिथे मनासारखं घर मिळेना म्हणून आम्ही शेजारच्या लांडक्राइसमधल्या एका खेड्यात राहत होतो. घरमालकीण तळमजल्यावर, सत्तरीची विधवा. मधल्या मजल्यावर आम्ही दोघं आणि चार वर्षांची मुलगी. वरचा, उतरत्या छपराखालचा मजला रिकामा. शनिवारी जिना झाडून पुसायचा, एक आठवडा तिने, एक आठवडा मी, असा तिकडचा रिवाज. ज्याचा आठवडा त्याच्या दारावर लाकडी पाटी टांगलेली असायची. माझं पुसून झालं की पाटी मी तिच्या दाराला लावायची. ती पायऱ्यांवरून एकदा नजर फिरवायची आणि "प्रिमा" म्हणायची. त्या गावाने मला दिलेली शाबासकी तेवढीच, पण मी तिच्यावर आठवडाभर खूश असायची.

व्हिसा वाढवायला लांडराट्सआम्टमध्ये, म्हणजे लांडक्राइसच्या कचेरीत, गेले होते, तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "अगं, फोटो घरीच राहिले वाटतं." मी गर्रकन वळले. नागपूरचं तरुण जोडपं होतं. तो त्याच कारखान्यात इंजिनिअर, ती रसायनशास्त्रातली डॉक्टरेट आणि पाच महिन्यांची गरोदर. कंपनीच्या गेस्टहाऊसमधल्या एका खोलीत राहत होते. मला एवढा आनंद झाला की फॉर्म भरायचा सोडून मी तिचा हात धरून बसले.

आणि त्या आनंदातही पाचव्या मिनिटाला मी आडनाव विचारलं. त्यावरून काही कळेना. म्हणून माहेरचं आडनाव विचारलं. तेही गावावरून पडलेलं, कुणाचंही असू शकेल असं. ती हसून उत्तरं देत होती. आता वाटतं, मी काय शोधतेय हे तिला पहिल्याच प्रश्नाला कळलं असणार. आपल्या बायकांना हे कुणी शिकवावं लागत नाही, विचारायलाही आणि ओळखायलाही.

दोन महिने ती माझ्याकडे येत होती. मला "ताई" म्हणायची. माझी मुलगी मराठी समजायची, पण उत्तर द्यायची जर्मनमध्ये. मी डोकं आपटलं तरी ढिम्म. हिच्याशी मात्र ती मराठीत बोलायला लागली, कारण ही तिला चिंचेच्या झाडावरच्या भुतिणीच्या गोष्टी सांगायची आणि अर्ध्यात थांबून "मग काय झालं असेल?" विचारायची. मुलगी मोडकंतोडकं का होईना, मराठीत सांगायची. मी स्वयंपाकघरातून ऐकायची आणि मला भरून यायचं. तिच्या हातचे रव्याचे लाडू आमच्याकडे पुरत नसत.

मग एका रविवारी मी मुलीला घेऊन तिच्या खोलीवर गेले. दार उघडल्या उघडल्या समोरची भिंत दिसली. एक छोटी बुद्धमूर्ती, आणि शेजारी निळ्या सुटातला, चष्म्यातला तो फोटो. त्याखाली नाव लिहायची महाराष्ट्रात कधी गरज पडत नाही. तिने पोह्यांची बशी हातात दिली. मी म्हटलं, "पोट बिघडलंय गं." तिने बशी परत घेतली. निघताना मुलीसाठी म्हणून लाडवांचा डबा दिला, तो मी घेतला. बसथांब्यावर येऊन तो कचऱ्याच्या पेटीत रिकामा केला.

"मामा, वारुम?" मुलीने विचारलं. आई, का?

माझ्या लहानपणी भांडी घासणारी बाई भांडी मागच्या ओट्यावर पालथी घालून जायची. आई घागरभर पाणी त्यांच्यावर ओतायची आणि मगच ती आत घ्यायची. बाई कधी कधी अजून फाटकापाशी चपला घालत असायची, तिला दिसायचं. मी आईला एकदा विचारलं होतं, का? आई म्हणाली होती, "तसंच असतं." मीही मुलीला तेच सांगितलं, त्याच आवाजात.

मी काही भांडले-बिंडले नाही. आम्ही सुशिक्षित माणसं. दिवाळीला त्यांना बोलवायचं तेवढं राहून गेलं. फोन आला की माझा हात पिठात असायचा. मुलगी पुन्हा जर्मनवर गेली.

नोव्हेंबरात तिचा फोन आला तेव्हा तिला आठवा संपत आला होता. "ताई, खूप घरं बघून राहिलो. नाव सांगितलं की गेलेलं असतं घर. गेस्टहाऊसवाले बाळ झाल्यावर ठेवणार नाहीत. तुमच्या वरचा मजला रिकामा आहे ना? आम्ही तुमच्या घरमालकीणबाईंना भेटून आलो. त्या म्हणाल्या, तुम्हाला विचारून सांगते. तुम्ही फक्त एक शब्द टाका."

मी म्हटलं, "बघते."

दुसऱ्या दिवशी घरमालकीण आलुबुखाराचा केक घेऊन वर आली. खुर्चीत बसली, फोटो काढल्यासारखी ताठ. तुमच्याच देशाची, तुमच्याच भाषेची माणसं आहेत, तुम्हीच सांगा, ती ऑर्डेन्टलिश आहेत का, म्हणजे नीटनेटकी, रीतीची? मला हो म्हणायचं होतं का? नाही. खोटं कशाला सांगू. वर बाळाची धुणी, जिन्यात येता-जाता ती, दारावर आलटून पालटून तीच पाटी, आणि पुण्याहून सासूबाई आल्या की त्यांना काय सांगायचं, हे सगळं माझ्या डोक्यात एका दमात फिरून गेलं.

मराठीत असते तर मी काहीच न बोलता सगळं बोलले असते. "चांगले आहेत हो, पण त्यांचं जरा वेगळं असतं," एवढ्यावर भागतं आपल्याकडे. ऐकणारा पुढचं भरून घेतो. तिला भरून घेता येईना. "वेगळं म्हणजे कसं?" ती विचारत राहिली. माझं जर्मन संध्याकाळच्या वर्गात शिकलेलं, त्यात जात बसत नव्हती. बसला तो तिसऱ्या धड्यातला शब्द.

"निश्त झाउबर," मी म्हटलं. स्वच्छ नाहीत.

तिने मान हलवली. केकचा तुकडा खाल्ला, आभार मानले आणि गेली. मला हलकं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण हलकंच वाटलं होतं.

त्यांना घर मिळालं नाही. घरमालकिणीने नकार देताना कारणही दिलं, त्या लोकांना आडपडदा माहीत नाही: तुमच्याच देशातली बाई म्हणते, तुम्ही स्वच्छ नाही. त्या संध्याकाळी शेवटचा फोन आला. आवाज शांत होता, आणि ती मला ताई म्हणाली नाही.

"तुम्ही जर्मनमध्ये सांगितलंत, म्हणून कळलं तरी. मराठीत सांगितलं असतंत तर मी अजून दोन वर्षं तुमच्यासाठी लाडू वळत बसले असते."

तिने फोन ठेवला. नंतर नवऱ्याकडून कळलं की ती बाळंतपणाला एकटीच नागपूरला गेली. आठवा सरलेला असताना, दोन विमानं बदलून. तो खोलीवर राहिला, आणि वर्षभरात त्यानेही नोकरी सोडली. तिला मुलगा झाला की मुलगी, ते मला आजवर माहीत नाही.

त्यानंतरचा शनिवार माझा होता. मी जिना झाडला, पुसला, पाटी तिच्या दाराला लावली. ती पायऱ्यांकडे बघत राहिली. प्रिमा म्हणाली नाही. मी वर येऊन दार लावलं तोच खाली बादलीचा आवाज झाला. दाराच्या भिंगातून पाहिलं. म्हातारी गुडघ्यांवर बसून, गरम पाणी घेऊन, माझ्या उंबरठ्यापासून खाली एकेक पायरी पुन्हा पुसत होती. चेहऱ्यावर राग नव्हता. त्यांच्याच देशातली बाई म्हणते, एवढं तिला पुरलं होतं. आमच्या दोन घरांतला फरक तिच्या तक्त्यात नव्हता. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. आम्ही तिथे आणखी तीन वर्षं राहिलो, आणि माझा एकही शनिवार त्याशिवाय गेला नाही.

त्या पहिल्या दिवशी मी भिंगाला डोळा लावून उभी होते. रडू येत होतं, आणि ते अपमानाचं होतं, पश्चात्तापाचं नव्हे. मुलगी येऊन माझ्या कुडत्याला धरून उभी राहिली. खालच्या पाण्याचा आवाज ऐकू येत होता.

"मी एवढा घासून पुसला," मी स्वतःशीच पुटपुटले, "मग ही परत का धुतेय?"

माझी मुलगी, जी कित्येक दिवसांत एक शब्द मराठी बोलली नव्हती, वर बघून अगदी स्वच्छ मराठीत म्हणाली, "तसंच असतं."