दारू वेगळी, कोटा वेगळा

चहा घ्या, बिस्कीट घ्या आणि मग खुशाल हसा. ही गोष्ट तुमच्या कानावर आलीच असेल, पण माझी फजिती मीच सांगणार! गावातले लोक सांगताना मला उगाच बिचारा करून टाकतात. मी बिचारा नाही. सुभेदार म्हणून रिटायर झालोय, आणि त्या दिवशी गावासमोर माझी जी काही शोभा झाली, ती ताठ मानेनं झाली.

आष्ट्याजवळ आमचं गाव. नोकरी संपवून आलो आणि बघतो तर काय, मिसरूड न फुटलेली पोरं गुटख्याच्या पुड्या फाडतायत, बापे संध्याकाळी ओढ्याकडं ‘बसायला’ जातायत. माझं डोकंच फिरलं. व्यसनमुक्ती समिती काढली. अध्यक्ष कोण? मीच! दुसरं कोण होणार होतं?

पहाटे शाळेच्या मैदानावर शिट्टी मारून सगळ्यांना पळवायला लागलो. टपरीसमोर खुर्ची टाकून बसायला लागलो. गुटखा मागायला आलेला गडी मला बघून बिस्किटाचा पुडा घेऊन परत जायचा. त्या टपरीवाल्याचा बिस्किटांचा धंदा मी वाढवून दिलाय, पण कधी धड रामराम घालत नाही मला.

मी स्वतः? आयुष्यात थेंब घेतला नाही. बर्फात ड्यूटी असायची, रम वाटायचे, मी माझा वाटा शेजारच्या गड्याला द्यायचो आणि चहा प्यायचो.

आता हा कोट्याचा भाग नीट ऐका. माजी सैनिकाला कॅन्टीनमधून महिन्याला दारूचा कोटा मिळतो. मी पीत नाही. मग काय मी कोटा सोडायचा? अहो, हक्काचा कोटा कुणी सोडतं का? देशसेवा करून मिळवलेला! दर महिन्याला सांगलीला जायचो, साबण, तेल, चहापत्ती आणायचो, सोबत रम. एसटीत खणखण नको म्हणून बाटली जुन्या लोकरी मोज्यात सरकवायची आणि पिशवीच्या तळाला ठेवायची.

आणि घरी आणून त्या रमचं काय करायचो? दारू वाटायचो असं म्हणाल तर खबरदार! जनावरांचा डॉक्टर अवेळी धावत आला, त्याला खूश केलं. वायरमन भर उन्हात विजेच्या डीपीवर चढला, त्याला खूश केलं. आमच्याकडं ही रीतच आहे. फौजीच्या घरात बाटली असते आणि तिनं चार लोकांची कामं होतात. सकाळी दारूबंदीवर भाषण, दुपारी वायरमनच्या हातात मोजा, आणि मला त्यात काही वावगं वाटायचं नाही. माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं: दारू वेगळी, कोटा वेगळा.

आमच्या शेजारी बाजीराव राहतो. ऊसतोड टोळीचा मुकादम. कुणाचा ऊस आधी तुटणार हे त्याच्या हातात, त्यामुळं सगळं गाव त्याच्या मागंपुढं. पिऊन पिऊन त्यानं लिव्हरची वाट लावली होती. डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं, आता प्यालास तर मेलास. त्याला मी सोडवला होता. पहाटे पळायला पहिल्या रांगेत असायचा. माझ्या समितीचा तो हिराच म्हणा.

आणि एका संध्याकाळी त्याची बायको सुनंदा आमच्या दारात. हातात हिरवा लोकरी मोजा, मोज्यात अर्धी रिकामी रमची बाटली.

“भावजी, हे वैरणीच्या गंजीत घावलं. ह्यांनी परत सुरू केलीया.”

“कोण देतंय त्याला?”

“तेच इचारायला आलीया. तेवढं शोधून द्या. न्हाईतर मी पोरीला घिऊन तासगावला माहेरी चालली. ह्यांचं मढं बघायला मी हितं थांबायची न्हाई.”

ती रडत नव्हती. त्याचीच मला भीती वाटली. रडून रडून संपल्यावर बाई अशी बोलते.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. “वहिनी, उद्या सकाळी त्याला चौकात हुबा करतो. फौजीचा शब्द हाय!”

बाटलीवर छापलं होतं, फक्त सैनिकांसाठी. मोजाही मिलिटरीचा. एवढं सगळं हातात असताना माझं डोकं कुठं गेलं असेल? सरळ नामदेवकडं! नामदेव म्हणजे गावातला दुसरा फौजी, हवालदार रिटायर. माझ्या पहाटेच्या कवायतीला तो ‘म्हाताऱ्याचा तमाशा’ म्हणाला होता. ते मी विसरलो नव्हतो.

सकाळी चौकात, मारुतीच्या देवळासमोर गाव गोळा केलं. स्पीकर लावला. एका हातात माईक, दुसऱ्या हातात मोजा.

“ही बाटली फौजी कोट्यातली हाय! हा मोजा फौजी हाय! गावात फौजी दोन. त्यातला एक मी. मी पीत न्हाई हे शेंबडं पोर सांगंल. मग ऱ्हायलं कोण?”

नामदेव सावकाश उठला. “सुभेदार, शुगर निघाल्यापासनं मी दारूचा कोटाच उचलत न्हाई. जरा दमानं घ्या.”

“चोर कवा चोरी कबूल करतोय व्हय रं?”

“आवं, पण...”

“पण न्हाई आन् बिण न्हाई!” मला आता कोण थांबवणार? मी शिक्षाही ठोकून दिली. “ज्याच्या घरातनं ही बाटली निघाली, त्यानं बाजीरावला दर आठवड्याला आष्ट्याच्या व्यसनमुक्तीच्या बैठकीला न्यायचं. त्याच्या मांडीला मांडी लावून बसायचं. तो सुटंपर्यंत! मग तो कुणी का असंना!”

टाळ्या पडल्या. मी मोजा झेंड्यासारखा वर धरला.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून आमची शालन पुढं आली. माझी बायको हो, दुसरी कोण!

“आवं, जरा बघू.”

तिनं मोजा घेतला, बाटली काढून पायरीवर ठेवली, आत हात घातला, टाच उलटी करून उजेडात धरली. चेहरा असा खुलला की काय सांगू!

“घावला बाई एकदाचा! मी म्हणतीया गेला कुठं. ह्येचा जोडीदार दांडीवर एकटाच लोंबतोय.”

माईक माझ्या हातात, आणि चालू! ओढ्यापलीकडच्या वस्तीवर भांडी घासणाऱ्या बायकांनीसुद्धा हे ऐकलं.

“शालन, नीट बघ. असले मोजे समद्या फौजींचे असत्यात.”

“आन् लाल दोऱ्यानं रफू समद्या फौजींच्या बायका करत्यात व्हय? मधी लाल दोरा संपला, म्हणून हितं पिवळा घातलाय. माझं काम मला कळंना व्हय?”

मग वायरमन उठला. गळ्यात माळ, कपाळाला बुक्का. “सुभेदार, डीपीवर चढलो तवा तुमीच दिलीसा की. मी पडलो माळकरी, मला काय उपेग? पोपटनं माझी माती वाहिली, त्याला दिली.”

पोपट म्हणजे ट्रॅक्टरवाला. त्यानं मान खाली घातली. “माझा ऊस वाळाय लागला हुता. तोडीची पाळी लवकर मिळावी म्हणून मी बाजीरावाला दिली.”

आलं लक्षात? लग्नातला ब्लाउजपीस कसा या आहेरातून त्या आहेरात फिरतो, तशी माझी बाटली गावभर फिरली आणि ज्याच्या जिवावर उठायला नको होती, नेमकी त्याच्याच घरात शिरली. ओढ्याकडच्या गुत्त्यावर मी पाळत ठेवून बसलो होतो, आणि माल माझ्याच घरातून चालला होता!

नामदेव अजून उभाच होता. “मग सुभेदार? चोर कबूल करतोय का न्हाई?”

त्याच्या मिशीत हसू होतं. मी पळ काढीन असं वाटलं असणार त्याला. मी? मी माईक तोंडाजवळ धरला आणि ओरडलो, “करतोय! बाटली माझी, चूक माझी, शिक्षा पण माझीच! नामदेव, तुझी माफी मागतो. पण उद्या पहाटे पळायला यायचं, शुगर हाय तुला!”

गाव हसून हसून लोळायचं बाकी राहिलं. हसली नाही ती एकटी सुनंदा. ती पुढं येऊन म्हणाली, “भावजी, तुमची बाटली, तुमीच सोडवा. मी थांबती तवर.”

दुसऱ्या दिवशी सांगलीला जाऊन मी दारूचा कोटा बंद करून टाकला. तेव्हापासून आमच्या डीपीवर वायरमन सावकाश येतो. येऊ दे! अंधारात बसेन, पण बाटली देणार नाही.

मग आष्ट्याची बैठक. सतरंजीवर गोल करून माणसं बसलेली. प्रत्येकानं आपलं नाव सांगायचं आणि आपल्या दारूची कहाणी सांगायची. बाजीरावनं सांगितली. माझी पाळी आली. मी सावधानमध्ये उभा राहिलो.

“मी रिटायर्ड सुभेदार. मी आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही.”

शेजारच्या एका म्हाताऱ्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. “असू दे, असू दे. पहिल्या दिशी समदी असंच म्हणत्यात.”

“आवं, खरंच न्हाई घेतली! बाजीराव, सांग की रं ह्यांना!”

बाजीरावनं माझ्याकडं लय मायेनं बघितलं. “सुभेदार, मन मोकळं करा. हलकं वाटतंय.”

माझा किती संताप झाला असेल सांगा! पुन्हा तिथं पाऊल टाकायचं नाही असं ठरवून बाहेर पडलो. पण पुढच्या आठवड्यात बाजीराव आंघोळ करून, केस विंचरून माझ्या दारात उभा. मी नसतो गेलो तर तो गेला असता का? सरळ ओढ्याकडं गेला असता. मग गेलो. ऊसतोड चालू असताना गेलो, पावसात गेलो, त्याचे हात थरथरायचे त्या दिवसांत हात धरून गेलो.

आणि तो टिकला हो! परवा बैठकीत त्याचा सत्कार झाला. सुनंदा आली होती, पोरगी आली होती. त्याला हार घातला आणि एक हार माझ्याकडं! आता हे जरा जास्तच झालं. ‘मी कधी प्यायलोच नाही’ म्हणायला मी तोंड उघडलं, तर बाजीराव पोरीला म्हणत होता, “सुभेदारांनी सोडली, म्हणून मला जमलं बघ.”

आता तुम्हीच सांगा, यावर काय बोलणार? माझी अब्रू मोठी का त्याचं लिव्हर? मी छाती पुढं काढली, हार घालून घेतला आणि खणखणीत आवाजात म्हणालो, “व्हय! मी बी सोडली!”

टाळ्याच टाळ्या! बाजीरावच्या पोरीनं फोटो काढला, खाली ‘सुभेदारांनी पण दारू सोडली’ असं लिहिलं आणि मी एसटीतून उतरायच्या आत गावभर पाठवला.

घरी आलो तर शालन उंबऱ्यात, मोबाईल हातात.

“आवं, इतकी वर्सं झाली लग्नाला. तुमी माझ्यापासनं चोरून पीत हुता व्हय?”