रिबेकामावशींचं नाव

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय? ठाऊक नाही. आत स्वस्थता नाही, एवढं खरं.

मी ठाण्यात एका कॉलेजात इतिहास शिकवते. दरवर्षी एक तास युरोपातल्या प्लेगवर असतो. ज्यूंनी विहिरींत विष कालवलं, अशी आवई तिकडे उठली; छळ करून कबुल्या घेतल्या, वस्त्याच्या वस्त्या जाळल्या. प्लेगने ज्यूही मरत होते — पण बघतंय कोण? फार तळमळीने शिकवते मी हे.

आमची सोसायटी बाळकुमला. शेजारी रिबेकामावशी राहायच्या — बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू. मराठी माझ्याहून चोख. शनिवारी संध्याकाळी त्या गच्चीवर जायच्या. आकाशात तीन तारे दिसले की त्यांचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस, संपतो.

दोन वर्षांपूर्वी, मे महिन्यात, चार घरांत उलट्या-जुलाब सुरू झाले. गच्चीवरच्या टाकीत मेलेलं कबूतर सापडलं. झाकण उघडं होतं. सगळे खाली जमले — उघडं टाकलं कुणी?

मी. पाणी किती आहे ते बघायला शुक्रवारी मीच वर गेलेले. फोन आला, बोलत बोलत खाली उतरले — झाकण राहिलं. एवढंच तर सांगायचं होतं. लोक चिडले असते, विसरले असते. पण सेक्रेटरी मीच ना? तोंडातून निघालं, "शनिवारी रिबेकामावशी असतात वर."

खोटं होतं का ते? एकूण एक शब्द खरा होता.

दोन दिवसांत त्या वाक्याला पाय फुटले. त्या टाकीपाशी काहीतरी पुटपुटतात म्हणे. त्यांच्यात असतं तसलं काही. लिफ्टमध्ये त्यांच्याबरोबर कुणी चढेना. आजारी तर त्याही होत्या — औषध घेऊन मीच गेले, उशाशी बसले, आणि तरी बोलले नाही. अशी गोष्ट कशी वाढत जाते, हे त्या बिल्डिंगमध्ये माझ्याइतकं कुणाला माहीत होतं?

महिन्याभरात त्या ठाकुर्लीला भाचीकडे कायमच्या निघाल्या. जाण्याआधी माझ्या दारात आल्या.

"पिढ्यान्‌पिढ्या इथे आहोत आम्ही. कुणी कधी बोट दाखवलं नव्हतं. सुरुवात कुणी केली गं?"

"काय माहीत, मावशी."

"जाऊ दे. तू तेवढी आलीस विचारपूस करायला," म्हणत त्यांनी माझा हात हातात घेतला.

मी तो घेऊ दिला.