मनगटावर डोलणारी सुई

आईच्या मनगटातली सुई चक्क डोलत होती! केमोनंतरची मळमळ जरा कमी व्हावी म्हणून, औषधांच्या जोडीला आम्ही अ‍ॅक्युपंक्चर करून पाहत होतो. केसाएवढी बारीक सुई, आणि नाडीच्या ठोक्यागणिक तिचं टोक थरथरत होतं. इतके महिने मी आईची तब्येत रिपोर्टांतल्या आकड्यांत शोधत होतो. इथे तिचं जगणं उघड्या डोळ्यांना दिसत होतं, वाऱ्यावरच्या गवताच्या पात्यासारखं.

जन्मभर गोधड्या शिवलेली आई डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "अहो, माझीच गोधडी केलीत की!" आणि स्वतःच खुदकन हसली. हातापायांवरच्या साऱ्या सुया एकदम डोलल्या.

"आजी, हलू नका!" बाई ओरडल्या.

मी मात्र मनातल्या मनात म्हणत होतो, हल आई, आणखी हल!